टक्कर संभाजीचा अंगठा

सखूला नवऱ्याच्या अंगठ्याची भीती वाटायला लागली ती मागच्या उन्हाळ्यापासून.

त्या दिवशी लाईट गेली म्हणून कुकटपल्लीच्या शिलाई युनिटातल्या मशीनी बंद पडल्या आणि मालकानं बायांना दुपारीच घरी सोडलं. सखूनं दार ढकललं तर घरभर गॅसचा वास. संभाजी ओट्यापाशी उभा होता. शेगडीची कळ उघडी, वर चहाचं पातेलं, आणि हा भिंतीकडं तोंड करून असा उभा, की कुणीतरी त्याला तिथं आणून ठेवलं आणि विसरून गेलं. सखूनं आधी कळ बंद केली, खिडकी उघडली, मग त्याचा दंड धरून गदागदा हलवला.

"अवो, काय करलालाव? घर जाळता का?"

संभाजीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याचा उजवा हात तेवढा हळूहळू वर आला. मूठ मिटलेली आणि अंगठा ताठ.

सखू ओट्याला टेकून खाली बसली. हा अंगठा तिच्या ओळखीचा होता. पण तो आजवर कधी घरात आला नव्हता.

तो अंगठा सिनेमातला. संभाजी हा सिनेमातला फायटर. म्हणजे हिरोच्या हातचा मार खाऊन उडणारा, जिन्यावरून गडगडणारा, टेबल मोडून पडणारा माणूस. त्याचा बाप नामदेवराव देगलूरकडचा. रेल्वेत खलाशी म्हणून सिकंदराबादला लागला आणि बिऱ्हाड हैदराबादेत आलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी, आणि पोरगं शिकून साहेब होईल ही नामदेवरावाची आशा. पोरगं मात्र शूटिंग बघायला पळायचं. एकदा तिथं जिन्यावरून पडायला माणूस कमी पडला. संभाजी म्हणाला, मी पडतो. असा पडला, की मारामाऱ्या बसवणाऱ्या मास्टरनं टाळी वाजवली आणि म्हणाला, "अजून एकदा पड." त्यानंतर तो तीस वर्षं पडतच राहिला.

लोक त्याला विचारायचे, "संभाजी, ते ठोसे खरे असतेत का रे?" तो म्हणायचा, "ठोसा खोटा असतोय. पण जमीन कुठली खोटी आणावी?"

फायटर लोकांत एक रीत आहे. पडलेला माणूस पडल्या जागी तसाच राहतो. मास्टर 'कट' म्हणतो, तरी कुणी हलत नाही. सगळ्यांच्या नजरा त्या पडलेल्या माणसावर. मग त्याचा अंगठा वर येतो. म्हणजे मी बरा आहे. की टाळ्या पडतात, चहा येतो, पुढचा शॉट लागतो. अंगठा नाही आला तर लोक पाणी घेऊन धावतात, माया करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावतात. म्हणून डोळ्यापुढं काळोख असो, कानात भुंगे फिरत असोत, अंगठा आधी वर जायचा. माणूस मागून शुद्धीवर यायचा.

त्यात संभाजीची खासियत म्हणजे डोकं. प्लायवूडचं दार डोक्यानं फोडायचं, पिंपावर कपाळ आपटायचं, हिरोच्या टकरीनं मागं उलटं पडायचं, असलं काम निघालं की मास्टर ओरडायचा, "त्या टक्कर संभाजीला बोलवा." केसांच्या टोपाखाली फडक्याची घडी, बास. हेल्मेट घालून कुणी गुंड हिरोशी भांडतो का? संध्याकाळी घरी आला, की कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सखू हळद-चुना गरम करायची, लेप लावायची आणि विचारायची, "रगत आलं का?"

"नाही."

"मग काही नाही झालं."

त्या वस्तीतल्या सगळ्या फायटरांच्या घरी हाच हिशेब होता. हात मोडला तर दुखणं. टाका पडला तर दुखणं. जरा चक्कर येणं, ओकारी होणं, रात्रभर डोकं ठणकणं, हे सगळं नुसतं अंग शेकल्यासारखं. पडणाऱ्या माणसाला ते व्हायचंच.

पन्नाशी गाठली तशी संभाजीनं पडणं सोडलं. पोरगा प्रज्ञेश त्याच कामात उतरला होता आणि बापापेक्षा देखणा पडत होता. मार थांबला, आता हा माणूस निवांत होईल, असं सखूला वाटलं. झालं उलटंच.

आधी चिडचिड आली. जो माणूस पोराला कधी 'अरे' म्हणाला नव्हता, त्यानं भात गरम नाही म्हणून ताट भिंतीवर मारलं. मग तासाभरानं भिंत पुसत लहान लेकरासारखा रडत बसला. उजेड सोसेना, दुपारी पडदे ओढून बसायचा. शेजारच्या हिम्मतरावांशी जुनी दोस्ती, तर त्यांनी आपली चप्पल चोरली म्हणून त्यांच्या दारात उभं राहून शिव्या दिल्या. चप्पल पायातच होती. एकदा भाजी आणायला गेला तो मेट्रोच्या खांबाखाली उभा सापडला. घर ह्या बाजूला की त्या, ते समजेना. सखू पोचली तेव्हा तो हसला. म्हणाला, "तुझीच वाट बगलालो. तू कायकू परेशान होतीस?"

आणि मग तो गॅसचा दिवस.

प्रज्ञेशनं सुट्टी काढली आणि दोघांनी मिळून त्याला सिकंदराबादला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर उषा मॅडमचं माहेर नांदेडचं निघालं, म्हणून सखूला जरा धीर आला. मॅडमनं विचारलं, "डोक्याला मार लागला होता का कधी?"

"नाही," संभाजी म्हणाला.

"कधी टाकासुद्धा नाही पडला बघा," सखू म्हणाली.

"काम काय करता?"

"फायटर. सिनेमात."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "म्हणजे दिवसातून किती वेळा डोकं आपटायचं?"

संभाजी हसला. "मॅडम, तुमी दिवसातून घास किती खाता, मोजता का?"

प्रज्ञेश हसला, सखूही हसली. मॅडम हसल्या नाहीत.

फोटो झाले, तपासण्या झाल्या, आठवणीच्या परीक्षा झाल्या. मॅडमनं पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले, तर संभाजीला त्यातला एक आठवला. मग मॅडम सखूकडं वळून सावकाश बोलल्या. "मोठा मार लागला तर माणूस लगेच दवाखान्यात येतो. ह्यांचं तसं नाही. ह्यांना बारके हादरे बसत गेले. कवटी शाबूत, रक्त नाही, पण आतला मेंदू दरवेळी गदगदला. वर्षानुवर्षं. काही जणांत मग मेंदू आतून बिघडायला लागतो, आणि मार थांबला तरी ते बिघडणं थांबत नाही. बॉक्सिंगवाल्यांत दिसतं, फुटबॉलवाल्यांत दिसतं."

"मग औषध द्या ना मॅडम."

"झोपेचं देते, रागाचं देते. मूळ रोगाचं माझ्याकडं नाही. आणि तोच रोग आहे असं छातीठोक मीही सांगू शकत नाही. ते माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्कं कळतं. पण लक्षणं तीच आहेत."

माणूस गेल्यावर कळणारा रोग! सखूला वाटलं, ही बाई आपल्याशी बोलतेय की आपल्यामागं कुणी उभं आहे त्याच्याशी.

"डोक्याला आता पुन्हा धक्का नको," मॅडम म्हणाल्या. "गाडी चालवायची नाही. आणि ज्यात दुसऱ्याचा जीव ह्यांच्या हातात असेल, असलं काम तर अजिबात नको. समजलं ना संभाजीराव?"

संभाजीनं अंगठा वर केला.

मॅडमनी जे नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच काम संभाजी दोन वर्षांपासून करत होता.

तो दोरावर असायचा. उंचावरून उडी असली, की उडी मारणाऱ्या पोराच्या कमरेला पट्टा बांधतात, पट्ट्याला दोर, दोर कप्पीवरून खाली येतो आणि खाली चारजण तो धरतात. पुढचे तिघं ओढायला. सगळ्यात मागचा, शेवटचा माणूस दोर कमरेमागून घेऊन पाय रोवून उभा असतो. उडी पडली, की तो दोर आवरत आवरत सोडतो. पोरगं जमिनीवर फूल टेकावं तसं टेकतं. पुढच्यांचा हात सुटला तरी शेवटचा सावरतो. शेवटच्याचा सुटला तर मग कुणीच नाही. म्हणून फायटर लोकांत शेवटचा माणूस परका चालत नाही. उडी ज्याची, शेवटला माणूस त्याच्या घरचा. भाऊ, मेव्हणा, बाप. दोर धरायला परक्याला सांगितलं, तर त्याचा अर्थ सगळ्यांसमोर एकच होतो: माझ्या माणसावर माझा भरवसा नाही.

प्रज्ञेशचा शेवटचा माणूस संभाजी होता.

"बाबाला सांग की रे," सखू म्हणाली. संभाजी न्हाणीत होता, ती दबक्या आवाजात बोलत होती. "म्हणावं, आता नक्को."

"काय सांगू माय? दोर सोडा म्हणू? चार लोकांत?" प्रज्ञेशनं मान खाली घातली. "त्यांच्याकडं आता दुसरं काय हाय? सेटवर गेले की लोक 'संभाजी अन्ना' म्हणून उठून उभं राहतेत. तेवढा वेळ ते बरे असतेत. खरंच बरे असतेत. दोर धरला की त्यांचं सगळं जाग्यावर येतंय."

"आणि नाही आलं तर?"

"हातांना आठवतंय गं. डोस्क्याला नसंल."

सखूला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. पटलं नाही म्हणून ती भीत राहिली. खोडता आलं नाही म्हणून गप्प राहिली. रोज सकाळी दोघं बापलेक मोटारसायकलवर निघायचे, पोरगा पुढं, बाप मागं, आणि सखू मशीनवर शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत बसायची. फोन वाजला की सुई बोटात जायची.

मग ती उडी आली. कुकटपल्लीच्या पलीकडं एका बंद कारखान्यात शूटिंग होतं. छपराच्या कडेवरून हिरो उडी मारतो आणि खालच्या ट्रकवर उतरतो. हिरो म्हणजे अर्थातच प्रज्ञेश, हिरोचे कपडे घातलेला. आदल्या संध्याकाळी संभाजी खुशीत होता. चामड्याचे हातमोजे तेल लावून पुसत बसला. "उद्या आपल्या पोराची मोठी उडी हाय," तो सखूला म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, "उद्या आपल्या पोराची मोठी उडी हाय." आणि जेवताना पुन्हा एकदा.

सकाळी सखू कामावर गेलीच नाही. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी डब्यात भरली आणि शेअर ऑटोनं कारखान्याच्या फाटकाशी उतरली. फायटरांच्या बायका उडीच्या दिवशी सेटवर येत नाहीत, त्यांना बघवत नाही म्हणून. फाटकावरचा पोऱ्या म्हणाला, "अम्मा, तुम कायकू आए?" तिनं डबा वर करून दाखवला आणि आत शिरली.

आत धूळ, माणसं, मोठमोठे दिवे. वर छपराच्या कडेला प्रज्ञेश उभा. एवढासा दिसत होता. खाली दोरावर चौघं, आणि सगळ्यात मागं संभाजी. पाय रोवलेले, दोर कमरेमागून, मोजे हातात. मान कशी ताठ! सखूनं त्याला असं उभं राहिलेलं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, पोरगा म्हणत होता तेच खरं. उगाच भ्यालो आपण.

मास्टर लक्ष्मणराव, संभाजीच्याच बरोबरीनं एके काळी पडलेला माणूस, भोंग्यातून ओरडला, "रोप रेडी?"

दोरावरच्यांनी ह्याचं उत्तर तोंडानं द्यायचं असतं. हात दोरावर, तोंडानं 'रेडी'. त्यांच्यात अंगठा नसतो, कारण अंगठा दाखवायचा तर हात सोडावा लागतो. हे सखूला ठाऊक होतं. संभाजीनंच कधीतरी हसत सांगितलं होतं.

"रेडी!" पहिला म्हणाला.

"रेडी!" दुसरा.

"रेडी अन्ना!" तिसरा.

संभाजी काहीच बोलला नाही. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. सखूनं ती नजर ओळखली. ओट्यापाशी पाहिलेली नजर. आणि मग त्याचा उजवा हात दोरावरून निघाला आणि हळूहळू वर आला. मूठ मिटलेली, अंगठा ताठ. दोर त्याच्या कमरेवरून घसरला आणि पायाशी वेटोळं होऊन पडला.

लक्ष्मणरावाला लांबून नुसता अंगठा दिसला. त्यानं भोंगा तोंडाला लावला. "वन..."

"थांबा!" सखूच्या हातातला डबा पडला. "थांबा रे! आगंडी! रुको! प्रज्ञ्या, मारू नको उडी! दोर सुटलाय तुझा, दोर सुटलाय!"

आपण किती भाषांत ओरडलो ते तिचं तिलाच कळलं नाही. माणसं वळली. कुणीतरी तिला धरायला धावलं. ती त्याला ढकलून संभाजीपाशी पोचली आणि जमिनीवरचा दोर दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली, जसा काही पोरगा त्याच्या टोकाला लोंबकळतोय. वर प्रज्ञेश पाय मागं घेऊन पत्र्यावर बसला होता.

लक्ष्मणराव चिडून आला, "एवरम्मा, कोण ही बाई? कुणी सोडली आत?" आणि मग त्यानं दोर पाहिला. मोकळा दोर, दोर धरून बसलेली सखू, आणि अजून अंगठा वर करून उभा असलेला संभाजी. लक्ष्मणरावानं पुढं होऊन संभाजीचा वर आलेला हात आपल्या हातात घेतला आणि हळूच खाली केला.

"अन्ना," तो म्हणाला, "चाय पी के आते, चलो." मग मागं वळून ओरडला, "लंच!" अजून जेवणाला खूप अवकाश होता.

संभाजी भानावर आला तो सखूला बघून. भडकलाच. "तू हितं कायकू आलीस? चार लोकांत बोंबललीस? माझी इज्जत..."

बोलता बोलता तो थांबला. पायाशी पडलेल्या दोराकडं त्याची नजर गेली. मग वर छपराकडं. मग आपल्या मोकळ्या हातांकडं. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. सखूनं त्याला रागात पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं. भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. छपरावरून पडायला तो कधी भ्याला नव्हता.

"सखू," तो पुटपुटला, "वर कोण होतं गं?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं. पण खोटं काय बोलणार?

"आपला प्रज्ञेश होता."

संभाजी खाली बसला. हातमोजे काढायला लागला. निघेनात, तर त्यानं दातांनी ओढून काढले. तोवर प्रज्ञेश जिना उतरून धावत आला होता. संभाजीनं मोजे त्याच्या हातात दिले आणि त्याच्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "दुसरा बघ."

"बाबा, एक वेळ हुतंय. तुमी जरा..."

"दुसरा बघ म्हणलं ना!"

सगळा कारखाना ऐकत होता. बापानंच सगळ्यांसमोर पोराचा दोर सोडला होता. आणि ह्या वेळी शुद्धीत.

सखू त्याला घेऊन घरी आली. शेअर ऑटोत तो तिचा पदर धरून बसला होता. वाटेत दोनदा त्यानं विचारलं, "पडला तर नाही ना?" आणि दोन्ही वेळा तिनं सांगितलं, नाही पडला. घरी गोळी घेऊन तो झोपला. ती उशाशी बसून राहिली. तिला वाटलं होतं, एकदा दोर सुटला की आपली भीती सुटेल. पण भीती कुठंच गेली नव्हती. आता हा माणूस दिवसभर घरात असणार, ह्याच भिंतीकडं बघत. उद्या आपल्यालाच विचारील, तू कोण? आणि ते कधी विचारील, हे मॅडमनाही सांगता येत नाही.

दिवेलागणीला प्रज्ञेश आला. दुपारी तिसऱ्या दोरवाल्याला शेवटला उभा करून उडी झाली होती. "दोन टेक झाले," तो म्हणाला, "एकदम फस्क्लास." त्यानं बूट काढले, मोरीवर तोंड धुतलं आणि भिंतीला पाठ लावून बसला. सखूनं दिवा लावला, तशी त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला.

"लाईट बंद कर ना माय जरा."

सखूचा हात बटनावरच राहिला.

तिनं दिवा घालवला नाही. त्याच्यासमोर येऊन बसली. त्याचे केस बाजूला केले. कानाच्या वर मोठं टेंगूळ होतं. रक्त नव्हतं.

"काय झालं हे?"

"ट्रकच्या कडेला टेकलं जरा. कुछ नै."

"चक्कर आलती का?"

प्रज्ञेश दमून हसला आणि त्याचा हात वर आला. मूठ मिटलेली.

अंगठा उभा राहायच्या आत सखूनं तो पकडला. दोन्ही हातांनी त्याची मूठ दाबून धरली, सकाळी दोर धरला होता तशी. आतल्या खोलीत संभाजी झोपेत काहीतरी बरळत होता.

"हात नक्को दाखवू मला," ती म्हणाली. "तोंडानं सांग. खरं सांग. आलती का?"

प्रज्ञेश हसायचा थांबला. आतल्या खोलीकडं त्यानं एकदा पाहिलं. मूठ सोडवून घ्यायचा प्रयत्न मात्र केला नाही.

"आलती," तो हळूच म्हणाला. "पैल्या टेकनंतर जरा अंधारी आलती. दुसरा टेक कसा झाला, ते मला आठवत नाही माय."

हळद-चुन्याची वाटी ओट्यावरच होती. सखू उठली नाही. तिनं मूठही सोडली नाही. "उद्या सेटवर जायचं नाही," ती म्हणाली. "सकाळी पैले त्या मॅडमकडं. आणि तिथं मी बोलणार."